सुध्याचा राजीनामा

नौपाडा, ठाणे
4 मे 2025

प्रिय विनू,

इतके महिने पत्र नाही, रागावला असशीलच. इकडे सगळे बरे, आईचा गुडघा तसाच.

सुध्या सरकारी नोकरीचा राजीनामा टाइप करून खिशात घेऊन फिरतोय! घोडबंदर रोडला शूटिंग असलेल्या मालिकेत मोठी भूमिका मिळालीय, शिवाय एका निर्मात्याला त्याची पटकथा हवीय. त्याने नट व्हावं, लिहावं, माझी ना नाही. गडकरी रंगायतनला त्याला पाहिलेला कोण ना म्हणेल? माझा जीव अडकलाय तो राजीनाम्यात.

तो जुलै 2005 मध्ये लागला, म्हणजे 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी, जुनी पेन्शन. राजीनामा दिला की राज्याच्या पेन्शन नियमांतल्या नियम 46 खाली मागची सगळी सेवा जप्त. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. तेच 20 वर्षं अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी, सेवा भरल्यावर नियम 66 खाली 3 महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेतली, तर दोन्ही मिळतात. "जुलै आलाच की," म्हणतो. कुठला आलाय! नाटकाच्या दौऱ्यांसाठी बिनपगारी रजा कोण घेत होतं? वैद्यकीय दाखल्याशिवायची असाधारण रजा अर्हताकारी सेवेत धरत नाहीत, तेवढे दिवस पुढे सरकतात. शिवाय बदल्यांच्या काळातली सेवा पडताळणीची एखादी सही राहिलेली असते, आणि पेन्शन प्रकरण त्यावरच अडतं.

तोवर मालिका? अधूनमधून लेखन, कलेचं काम वर्तणूक नियमांत चालतं. रोजचं मानधनाचं काम पूर्वपरवानगीशिवाय नाही. त्यावरून चौकशी लागली तर स्वेच्छानिवृत्तीही लटकेल. आणि मालिकेचे पैसे साधारण 90 दिवसांनी येतात, टीडीएस कापून. कथेतला तो ट्रॅक संपला की भूमिकाही संपते. निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवाच.

पटकथेचं तर विचारू नकोस. भेटेल त्याला चहावर अख्खी गोष्ट ऐकवतो! कॉपीराइट कल्पनेवर नसतो, लिहिलेल्या मजकुरावर असतो. आधी सविस्तर कथा लिहून स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवायची, मगच ईमेलने पाठवायची. करारात पैशाचे टप्पे हवेत: सही करताना, वन-लाइनला (प्रसंगांचा थोडक्यात आराखडा), पहिल्या खर्ड्याला, अंतिम खर्ड्याला. "चित्रपट प्रदर्शित झाल्यावर" हा टप्पा अजिबात नको. चित्रपट डब्यात गेला तरी लेखकाने काम केलेलंच असतं. पडद्यावर नाव कुठे, कसं येणार, तेही लिहून घ्यायचं.

माझं तो ऐकायचा नाही. एकांकिकेतलं त्याचं स्वगत मी कापलं, तो राग अजून आहे. लांबलंच होतं ते, तूही तेव्हा कबूल केलं होतंस! तुझं मात्र ऐकतो.

नव्या घराचा ताबा मिळाला का? चिमीचा दहावीचा निकाल लागला की लगेच कळव. वहिनींना नमस्कार.

रविवारी तो तुझ्याकडे वाशीला येतोय ना, सेवापुस्तकाची (नोकरीच्या नोंदवहीची) झेरॉक्स आणायला लाव. रजेच्या पानांचे फोटो त्याच रात्री मला पाठव, दिवस मी मोजतो. आणि खिशातला तो कागद तेवढा काढून घे.

तुझा,
अव्या