बाबा, तुमच्या तक्त्यात एक रकाना कमी आहे

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, तुम्ही पाठवलेल्या तक्त्याचा फोटो मिळाला. फूटपट्टीने आखलेले रकाने, पाच ई-रीडर (म्हणजे ई-पुस्तकं वाचायची यंत्रं), प्रत्येकाचा पडदा, साठवण, बॅटरी, वजन, रंग आहे की नाही, आणि शेवटी लाल शाईत ‘शेरा’. कोपऱ्यात आईच्या अक्षरात फक्त ‘हलकं हवं’. फोनवर बोलायला घेतलं की तुम्ही एक विचारता, आई दुसरंच, आणि तिसऱ्याच विषयावर फोन संपतो. म्हणून बसून लिहिते आहे.

तक्ता झकास आहे. पण त्यात एक रकाना नाही, आणि तोच पहिला हवा होता: वाचनालय. तुम्हा दोघांचं मिळून आठवड्याला तीन पुस्तकं तरी होतात. ती सगळी विकत घेणं तुमच्या स्वभावात नाही आणि आता कपाटातही जागा नाही. म्हणजे यंत्र घ्यायचं ते मुख्यतः वाचनालयाची पुस्तकं घरबसल्या मिळावीत म्हणून. मग वाचनालय ई-पुस्तकं कुठल्या वाटेने देतं ते आधी कळायला हवं. यंत्र कितीही देखणं असलं आणि त्या वाटेवर चालत नसलं, तर ते दोन महिन्यांत ड्रॉवरमध्ये जाईल.

होतं असं की बरीचशी वाचनालयं ई-पुस्तकं स्वतः सांभाळत नाहीत, मधे एखादी कंपनी असते. त्यातली सगळ्यात पसरलेली ओव्हरड्राइव्ह. तिचं २०१७ साली आलेलं अ‍ॅप म्हणजे लिबी, जे मी फोनवर वापरते. तुमचं वाचनालय ओव्हरड्राइव्हवर असेल तर कोबोचं यंत्र सगळ्यात सोपं पडेल, कारण ती सोय त्याच्या पोटातच बसवलेली असते. एकदा कार्डाचा क्रमांक भरला की यंत्रावरच पुस्तक शोधायचं आणि विकत घेण्याऐवजी उसनं घ्यायचं. ना फोन, ना कॉम्प्युटर, ना केबल. आई, तुला यातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेव.

बाबा, तुमच्या तक्त्यात किंडलला, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ई-रीडरला, सगळ्यात जास्त बरोबरच्या खुणा आहेत. यंत्र म्हणून त्या चुकीच्या नाहीत. पण लिबीतून किंडलवर पुस्तक पाठवता येतं ते फक्त अमेरिकेतल्या वाचनालयांचं. ओव्हरड्राइव्हची ही किंडलची सोय लिबीच्याही आधी, २०११ मध्ये सुरू झाली आणि तिथेच राहिली. तुमचं कार्ड तिथलं नाही. त्यामुळे उसनी पुस्तकं हा मुख्य हेतू असेल तर किंडल बाद. दुसरी बाजूही सांगते: विकत घेऊन मराठी वाचायचं ठरवलंत तर मात्र किंडलचा विचार करावा लागेल. तिथे मराठी पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरपासून अधिकृतपणे मिळतात, आणि स्वतःकडची ईपब फाईलही (ई-पुस्तकांचा सर्रास वापरला जाणारा फाईल-प्रकार) २०२२ पासून त्यावर पाठवता येते. फक्त वाचनालयाची कुलूपबंद ईपब, म्हणजे नक्कल होऊ नये म्हणून कुलूप घातलेली, त्यावर उघडत नाही. ‘ईपब चालते’ अशी खूण तुम्ही केली आहे, तिथे हा फरक राहून गेला.

तिसरी वाट म्हणजे अँड्रॉइडवर चालणारे ई-रीडर, उदाहरणार्थ बूक्स. पडदा तसाच कागदी, पण त्यावर फोनसारखी अ‍ॅप्स टाकता येतात. तुमच्या वाचनालयाचं स्वतःचं वेगळंच अ‍ॅप असेल तर हाच उपाय उरतो. बॅटरी लवकर उतरते, सेटिंग्जचं जंगल असतं, आणि अ‍ॅप्स टाकता येतात म्हणजे हळूहळू सगळीच येतात. मागच्या टॅबलेटचं काय झालं ते आठवतं ना? वाचायला म्हणून दिला होता. आता त्यावर दिवसभर निरोपांची टिंगटिंग आणि बातम्या. यात तुमचा दोष नाही, माझाच अंदाज चुकला.

चौथी वाट कॉम्प्युटरवरून जाते. वाचनालय एक एवढीशी फाईल देतं. ते पुस्तक नसतं, पुस्तकाची चिठ्ठी असते. ती अ‍ॅडोबीच्या प्रोग्रॅममध्ये उघडली की खरं पुस्तक उतरतं, मग केबल जोडून यंत्रावर चढवायचं. बाबा, तुम्हाला हे करायला आवडेल याची मला खात्री आहे. पण मग आईला प्रत्येक पुस्तकासाठी तुमची वाट बघावी लागेल, आणि ते मला नको आहे.

आता रांगेबद्दल, कारण त्यावरून तुम्ही नक्की चिडणार. ‘फाईलच आहे ना, मग माझ्या आधी बारा जण कसे?’ वाचनालयाने एका प्रतीचा परवाना घेतला असेल तर ती एका वेळी एकालाच देता येते, छापील पुस्तकासारखी. परवानेही कायमचे असतातच असं नाही. हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये नियम केला की एक ई-प्रत २६ वेळा दिली की संपली, हवी तर वाचनालयाने पुन्हा घ्यावी. डिजिटल पान फाटत नाही, तर नियमाने फाडायचं. असो. यावर माझा उपाय असा की चार-पाच पुस्तकांना एकदम नंबर लावून ठेवायचे. सगळ्यांची पाळी एकाच आठवड्यात आली तर लिबीत ‘नंतर द्या’ म्हणायची सोय आहे. आपला नंबर पुढेच राहतो आणि मधल्या वेळात पुस्तक दुसऱ्याला मिळतं. आणि मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जातं. दंड नाही. आई, तुझी ती पावसातली शेवटच्या दिवसाची धावपळ बंद.

पडद्याचं मात्र थोडं सविस्तर लिहिते, कारण बाबा, ‘पडदा चांगला’ एवढ्या शेऱ्यावर तुमचं समाधान झालेलं दिसत नाही. या पडद्याला ई-इंक म्हणतात. ते बनवणारी ई-इंक कंपनी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधून निघाली. पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुपी असतात आणि प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण, विरुद्ध विद्युतभाराचे. खालून विजेची दिशा बदलली की पांढरे वर येतात किंवा काळे. एकदा वर आले की तिथेच थांबतात, त्यांना धरून ठेवायला वीज लागत नाही. वीज खर्च होते ती मुख्यतः पान उलटताना. म्हणून याची बॅटरी आठवडे आठवडे चालते. आणि पडदा कागदासारखा बाहेरचाच उजेड परतवतो, म्हणून उन्हात बसलं तरी अक्षरं पुसट होत नाहीत, उलट खुलतात. पान उलटताना कधीतरी पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो. पहिल्या दिवशी तुम्ही मला ‘बिघडलंय’ म्हणून फोन कराल. बिघडलेलं नसतं. आधीच्या पानाची पुसट सावली मागे राहते, ती तो झटकून टाकतो.

दिव्याचंही तसंच. टॅबलेटमध्ये दिवा पडद्याच्या मागे असतो आणि उजेड थेट डोळ्यांत येतो. इथे कडेला बारीक दिवे असतात आणि त्यांचा उजेड पानावर पसरतो, टेबललॅम्प पुस्तकावर पडावा तसा. रात्री तो पिवळसर करता येतो. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पांढरा उजेड तिला टोचतो, तेव्हा पिवळा दिवा असलेलंच घ्यायचं. यात तडजोड नको.

आकाराच्या रकान्यात तुम्ही सहा इंचीला पसंती दिली आहे, हलकं म्हणून. इथे माझं मत वेगळं आहे. आई ज्या आकाराचं अक्षर लावते, ते मी माझ्या सहा इंची यंत्रावर लावून पाहिलं. पानात जेमतेम नऊ ओळी बसल्या. वाक्य सुरू होतं तोवर पान संपतं. तासाभरात अंगठा शंभर वेळा हलणार, आणि तिचा दुखरा अंगठा उजवाच. सात इंचीवर तीन-चार ओळी जास्त मावतात. वजनाचा फरक म्हणाल तर सहा इंची कोबो क्लारा १७४ ग्रॅमचा आणि सात इंची लिब्रा कलर साधारण २०० ग्रॅमचा. सव्वीस ग्रॅमसाठी नऊ ओळींवर राहू नये.

लिब्राच्या एका बाजूला रुंद पट्टी आहे, तिच्यावर पान उलटायची दोन बटणं. मी ती दुकानात हातात घेऊन पाहिली. पट्टीवर अंगठा नुसता टेकवलेला राहतो, दाबायचं तेव्हा दाबायचं, बोट पडद्यापर्यंत न्यावंच लागत नाही. यंत्र उलटं धरलं की पान आपोआप सरळ होतं, म्हणजे डाव्या हातातही चालतं. आई, तू कुशीवर झोपून वाचतेस आणि कूस बदलली की हातही बदलतेस, मला तेच आठवलं.

रंगीत पडद्याचा मोह नको. काळी अक्षरं इंचाला ३०० ठिपक्यांची आणि रंग मात्र १५० चे, त्यामुळे चित्रं जुन्या मासिकातल्यासारखी फिकट. वर रंगाची जाळी असल्याने पान जरा करडं दिसतं आणि दिवा जास्त ठेवावा लागतो. गंमत म्हणजे बटणं असलेला लिब्रा आता रंगीतच येतो. बटणांसाठी रंग सोसायचा की साध्या पांढऱ्या पानासाठी बटणं सोडायची, हे आईने पाहून ठरवावं. साठवणीचा रकाना खोडून टाका, सगळ्यात लहान साठवणीतही हजारो पुस्तकं मावतात.

आता मराठीचं. यंत्रावर ‘देवनागरी चालते’ असं म्हणणं पुरेसं नाही. एक मराठी ईपब त्यावर टाकायची आणि मुद्दाम हे शब्द शोधायचे: किल्ली, सूर्य, क्षण, ज्ञान, कुऱ्हाड. जोडाक्षरं नीट जुळत नसतील तर क आणि ष पाय मोडून वेगवेगळे उभे राहतात, आणि ‘किल्ली’तली पहिली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते. ‘कुऱ्हाड’मधला पापणीसारखा अर्धा र ही सगळ्यात अवघड परीक्षा. त्यात पास झालं तर बाकी बहुतेक ठीक असतं. ल आणि श बहुधा हिंदी वळणाचे दिसतील. बाबा, तुम्ही त्यावर कुरकुर करणार हे मला माहीत आहे. वेगळा टंक यंत्रावर टाकता येतो का, तेही बघून घेऊ.

जुनी मराठी पुस्तकं स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये असतात, ती यावर वाचायचा हट्ट धरू नका. ते पानाचं छायाचित्र असतं, अक्षर मोठं करता येत नाही, नुसतं पान ताणून इकडेतिकडे सरकवत बसावं लागतं. त्यासाठी टॅबलेट आहेच, तो कुणाला देऊन टाकू नका.

आणि कव्हर पहिल्याच दिवशी. माझं पहिलं यंत्र मी पिशवीत तसंच टाकलं होतं, वर पाण्याची बाटली. बाहेरून ओरखडासुद्धा नाही, पण आतली काच दबून गेली आणि अर्ध्या पडद्यावर एकच गोठलेली रेघ. दुरुस्ती होत नाही. ‘पाण्यात चालतं’ असं लिहिलेलं असलं तरी बाटलीखाली चालत नाही.

तेव्हा बाबा, खरेदी थांबवा आणि वाचनालयात दोन प्रश्न विचारून या. ई-पुस्तकं कुठल्या अ‍ॅपवरून देता, आणि त्यात मराठी किती आहेत, तेही यादी उघडून दाखवा म्हणावं. लिबी म्हणाले तर कोबो, स्वतःचं अ‍ॅप म्हणाले तर बूक्सकडे बघू, आणि ई-पुस्तकंच नाहीत म्हणाले तर आपण सगळा हिशोब नव्याने मांडू. कार्ड दोघांच्या नावाने वेगवेगळी काढा. एकाच कार्डावर दोघं उसनी घ्यायला लागलात तर एका वेळच्या पुस्तकांची मर्यादा तुम्हीच संपवाल आणि आई मला फोन करेल.

आई, कार्डाबरोबर चार आकडी पिन मिळेल. तो कार्डावरच पेनाने लिहून ठेवू नकोस. बँकेच्या कार्डावर लिहिलेला मी पाहिला आहे.

तुमची,
लेक