तुमच्या शहराची दुसरी बाजू दाखवलीत, आपा

प्रिय आपा,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत आहे. माझी लेक ते अस्तानातल्या तुमच्या स्वयंपाकघरात बसून तुम्हाला रशियनमध्ये वाचून दाखवेल. निघताना आभार मानले होतेच, पण बार्शीला परतल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, ‘पोरीला एवढ्या लांब, एवढ्या थंडीत, कुणाच्या जिवावर ठेवलंय?’ प्रत्येकाला उभ्या उभ्या काय सांगणार? शिवाय आपल्याकडची कितीतरी मुलं डॉक्टर व्हायला कझाकस्तानात गेली आहेत. त्यांच्या आईवडलांच्याही वाचनात यावं, म्हणून जाहीरच लिहिते आहे.

आधी जानेवारीतलं. लेक तापाने फणफणली होती, बाहेर उणे तीस, आणि तिच्या खोलीतली मैत्रीण सुट्टीला घरी गेलेली. तुम्ही घरमालकीण. भाडं वेळेवर मिळालं की तुमचा संबंध संपत होता. पण तुम्ही डॉक्टरला घरी बोलावलंत, रास्पबेरीचा मुरांबा घातलेला गरम चहा पाजलात, आणि दर काही तासांनी ताप मोजून चौकटीच्या वहीच्या कागदावर निळ्या शाईने आकडे लिहीत गेलात. त्या कागदाचे फोटो मला इकडे येत होते. ३९.१. ३८.६. ३८.२. पुढे एक शब्द नाही, आणि मला लागतही नव्हता. ३६.६ आलं, तेव्हा त्या आकड्याखाली तुम्ही दोन रेघा ओढल्या होत्या. तो फोटो मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवला आणि त्याच दिवशी ठरवलं की या बाईंना जाऊन भेटायचं.

सप्टेंबरात जमलं. (पालकांसाठी सांगते: भारतीय पासपोर्टवर तिथे १४ दिवसांपर्यंत राहायला व्हिसा लागत नाही. मुंबईहून अल्माटीला जायचं, तिथून पुढे अस्ताना.) मी शाळेत भूगोल शिकवते. स्टेप, प्रेअरी, पंपास हे गवताळ प्रदेश किती वर्षं फळ्यावर लिहिले असतील! विमान खाली येऊ लागलं आणि तो स्टेप खिडकीतून पहिल्यांदा दिसला. पिवळा पडलेला, क्षितिजापर्यंत सपाट, मध्येच कापणी झालेल्या गव्हाच्या शेतांचे लांबच लांब पट्टे. आणि त्यात एकाएकी काचेचे मनोरे. खरं सांगते, मला ते शहर तेव्हा परकं वाटलं. कुणीतरी आणून ठेवलेलं वाटलं.

पहिल्या दिवशी तुम्ही मला तेच मनोरे दाखवायला नेलंत, ते बरं केलंत. येसिल नदीच्या डाव्या काठावरचा तो रुंद नूरझोल बुलेव्हार, एका टोकाला राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद अक ओर्दा, दुसऱ्या टोकाला खान शातिरचा १५० मीटर उंच पारदर्शक तंबू. फुलांचे वाफे अजून भरलेले होते, ऊन कोवळं होतं, वारा मात्र कानात शिरत होता. बायतेरेकच्या मनोऱ्यात वर गेलो. सामरुक पक्षी दरवर्षी बायतेरेक नावाच्या झाडावर सोन्याचं अंडं घालतो आणि मुळाशी बसलेला अजगर ते गिळतो, ही गोष्ट तुम्ही लिफ्टच्या रांगेत हातवारे करून सांगितलीत. वरचा सज्जा ९७ मीटरवर, कारण राजधानी अल्माटीहून इथे आली ते साल १९९७.

वरून सगळे खालच्या इमारतींचे फोटो काढत होते. तुम्ही बोट दाखवून वेगळंच सांगत होतात. इथे दलदल होती. तिथे लोकांचे भाजीचे तुकडे होते, उन्हाळ्यात डासांनी जीव नकोसा व्हायचा. कुरोकावा या जपानी वास्तुविशारदाने नव्या शहराचा आराखडा केला आणि सगळी सरकारी वस्ती या ओसाड काठावर उभी राहिली. तुमच्या बोलण्यात तक्रार नव्हती, फुशारकीही नव्हती. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं माणूस सांगतं, तसं सांगत होतात.

मला त्याहून मोलाचा वाटला तुमचा उजवा काठ, म्हणजे जुनं गाव. तुमचा जन्म झाला तेव्हा या गावाचं नाव अकमोलिन्स्क होतं. शाळेत गेलात तेव्हा गावाचं नाव त्सेलिनोग्राद झालं होतं, कारण १९५४ पासून सोव्हिएत सरकारने हा पडीक स्टेप नांगरायला लाखो माणसं इथे पाठवली. देश स्वतंत्र झाल्यावर अकमोला, १९९८ ला अस्ताना, २०१९ ला नूर-सुलतान, २०२२ ला पुन्हा अस्ताना. तुम्ही तेच गाव सोडलं नाहीत आणि पाकिटावरचा पत्ता मात्र बदलत राहिला. हे तुम्ही पाणी उकळता उकळता सांगितलंत आणि लगेच विचारलंत, चहात दूध किती घालू?

चहाबद्दल लिहायलाच हवं. वाटी अर्धीच भरायची, म्हणजे चहा गरम राहतो आणि पाहुण्याला पुन्हा पुन्हा मागता येतो, हे मला लेकीने समजावलं. मी मागत राहिले आणि तुम्ही ओतत राहिलात. मी मांस खात नाही हे तुम्हाला आधीच माहीत होतं. तुमच्या देशात हे सांभाळणं सोपं नाही. तुम्ही माझ्यासाठी भोपळ्याचे मांती केलेत, आपल्या उकडलेल्या मोदकांच्या जातीचे. भोपळा किसायचा नाही, सुरीने बारीक चौकोनी चिरायचा, तेवढाच कांदा, भरपूर मिरपूड. एरवी त्यात मेंढीची चरबी पडते, त्याजागी तुम्ही लोण्याचा तुकडा ठेवलात. पारी इतकी पातळ लाटलीत की खालच्या ओट्यावरची नक्षी दिसत होती. मांती चिकटू नयेत म्हणून वाफेच्या भांड्याच्या प्रत्येक ताटलीला तेलाचा हात फिरवलात. ते भांडंही धुऊन पुसून माझ्यापुरतं वेगळं काढून ठेवलं होतं, हे मला निघायच्या आदल्या दिवशी कळलं. तुम्ही बोलला नव्हतात.

घरं अजून गरम व्हायची होती. तिथे मोठ्या केंद्रांतून गरम पाणी पाइपांनी शहरभरच्या इमारतींना जातं, आणि थंडी टिकून पडल्याशिवाय ते सोडत नाहीत. सप्टेंबरातल्या रात्री म्हणूनच घरातल्या घरात बोचतात. तुम्ही कपाटातून आईने शिवलेली कोर्पे काढून माझ्या अंगावर घातलीत. जुन्या कपड्यांचे त्रिकोण जोडून केलेली, आमच्या आजीच्या गोधडीच्या जातीची. मी तिचा एक टाका न् टाका बोटाने चाचपून पाहिला. आईच्या हातचं काम पाहुणीला रात्रभर वापरायला देणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे गोधडीच्या घरात वाढलेल्या बाईला सांगावं लागत नाही.

शनिवारच्या शेतमालाच्या जत्रेत तुम्ही हिवाळ्याची बेगमी केलीत. बटाट्याचं पोतं, कोबीचे गड्डे, गाजरं, मध, दक्षिणेकडून आलेली कलिंगडं. आधी कोबीचं एक पान दातांनी मोडून पाहिलंत, मग भाव विचारलात. संध्याकाळी तो कोबी चिरून, मीठ लावून, मुठीने दाबून बरण्यांत भरायला मलाही बसवलंत. माझ्या लेकीच्या वाट्याची बरणी त्यात होती. तिचं नाव तुम्ही झाकणावर रशियन अक्षरांत लिहिलंत.

आता ज्यासाठी हे पत्र खरं लिहायला घेतलं, ते सांगते.

तुम्ही आम्हा मायलेकींना अकमोल गावी घेऊन गेलात. शहरापासून चाळीसेक किलोमीटर, रस्त्याच्या कडेने बर्च पिवळे पडलेले. तिथे अल्झिर ही बायकांची कैदछावणी होती, हे मला ठाऊक नव्हतं. एवढी वर्षं भूगोल शिकवून तो शब्द कधी कानावर पडला नव्हता. १९३७ च्या ऑगस्टात स्टालिनच्या पोलिसांनी हुकूम काढला, की ज्यांना ‘देशद्रोही’ ठरवलं त्यांच्या बायकांनाही पाच ते आठ वर्षं छावणीत टाकायचं. त्यांचा स्वतःचा गुन्हा काहीच नाही. १९३८ पासून हजारो बायका या उघड्या स्टेपवर आणल्या गेल्या: डॉक्टर, शिक्षिका, गायिका, नट्या. बॅलेसाठी पुढे जगभर नावाजलेल्या माया प्लिसेत्स्कायाची आईही त्यांत होती, मांडीवरच्या तान्ह्या मुलासकट. त्यांना ज्यातून आणत तो आगगाडीचा लाकडी डबा आवारात ठेवला आहे. आत फळ्यांची फडताळं आणि एवढीशी खिडकी. काळ्या दगडी भिंतीवर ७ हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत. माझी लेक ती मोठ्याने वाचत गेली, रशियन, ज्यू, जर्मन, कझाक, पोलिश, जॉर्जियन. एका जागी तिला पुढे वाचवेना. तुम्ही तिच्या पाठीवर हात ठेवलात आणि पुढची नावं स्वतः वाचलीत.

कुर्तची हकीकत तुम्ही तिथेच सांगितलीत. छावणीत जळण नव्हतं. बायकांना पहाटे गोठलेल्या झलानाश तळ्यावर बोरू कापायला पाठवत. एका सकाळी काठावरून आसपासच्या कझाक वस्तीतली म्हातारी माणसं आणि पोरं त्यांच्यावर दगड फेकू लागली. पहारेकरी हसले, म्हणाले, बघा, या गावालाही तुम्ही नकोशा आहात. बायकांना तेच खरं वाटलं. मग एक जण ठेचकाळून पडली, आणि तोंडाशी आलेल्या त्या दगडाला दुधाचा वास आला. ते दगड नव्हते. दही आटवून, मीठ घालून, गोळे वळून, उन्हात खडखडीत वाळवलेलं कुर्त होतं. बायकांनी ते लपवून बराकीत नेलं. गर्ट्रूड प्लाताइस या तिथल्याच कैदी बाईंनी ही हकीकत पुढे अनेक वर्षांनी सांगितली, म्हणून जगाला कळली.

त्या वस्तीतल्या लोकांनी नुकताच १९३० च्या सुमाराचा दुष्काळ काढला होता, कळप गेले होते, घरटी माणसं गेली होती. त्यांच्याकडे वाटण्यासारखं फार नव्हतंच. पकडले गेले असते तर त्यांचीही जागा तारेच्या आतच होती. तरी त्यांनी परमुलखातल्या, अनोळखी बायकांना खायला घातलं, आणि तेसुद्धा मारल्याचं सोंग करून.

तुम्ही पिशवीतून कुर्तचा एक गोळा काढून माझ्या तळहातावर ठेवलात. पांढरा, खडबडीत, त्यावर बोटं दाबल्याच्या खुणा होत्या. दातांनी फुटेना. गालात धरून ठेवला तेव्हा हळूहळू खारट-आंबट सुटायला लागला. आपा, मी तिथे रडले ते केवळ त्या बायकांसाठी नाही. माझी मुलगी कुठल्या माणसांच्या गावात राहते आहे, ते मला त्या क्षणी समजलं. जानेवारीतला तो आकड्यांचा कागद कुठून आला, तेही समजलं.

अस्तानाला जाणारे आपले लोक बायतेरेकवर चढतात, खान शातिरमध्ये खरेदी करतात, पिरॅमिडच्या आकाराच्या शांतता प्रासादासमोर फोटो काढतात आणि ‘शहर छान आहे, पण जुनं काही नाही’ असं म्हणत परत येतात. मीही तेच म्हणत आले असते. म्हणून सगळ्यांना सांगते आहे: जाल तेव्हा एक अर्धा दिवस अल्झिरसाठी राखा. २००७ पासून तिथे चांगलं संग्रहालय आहे. सप्टेंबरात जा, म्हणजे बाहेर, उघड्यावर, त्या भिंतीपाशी थांबता येतं. हिवाळ्यात तिथला वारा थांबू देत नाही, आणि त्या बायका त्याच वाऱ्यात बोरू कापत होत्या.

थंडीच्या कपड्यांचंही राहिलं. इथल्या एजंटाने ‘एक जाड जाकीट पुरे’ असं सांगून मुलांना पाठवलं होतं. तुम्ही लेकीला बाजारात नेऊन बुटांचे तळ हाताने वाकवून पाहायला शिकवलंत, लोकरी मोजा आत मावेल असा एक माप मोठा बूट घ्यायला लावलात, आणि दुकानदाराशी घासाघीस करून पैसेही वाचवलेत. आता ती नव्याने येणाऱ्या मराठी मुलांना हेच सांगते.

एक मागणं आहे. येत्या जानेवारीत तुम्ही इकडे या. भारताचा ई-व्हिसा लेक तुमच्यासाठी भरून देईल. आमच्या शेतात तेव्हा ज्वारी दाण्यात आलेली असते. कोवळी कणसं शेणीच्या आरावर भाजायची, हातावर चोळून दाणे काढायचे आणि गरम असतानाच शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ यांच्यासोबत खायचे. याला हुरडा म्हणतात. माझ्या सासूबाई तुमची वाट पाहताहेत. त्यांना कोबीच्या बरण्यांचं सांगितलंय, तर त्यांनी तुमच्यासाठी लिंबाचं लोणचं आतापासूनच वेगळं काढून ठेवलंय. तारीख कळवा, मी मुंबईला विमानतळावर घ्यायला येते.

कळावे, लोभ असावा.

तुमच्या भाडेकरू लेकीची आई
बार्शी, जि. सोलापूर