खाड्याच्या भीतीचा हिशेब

संपादक महोदय,

साथीत बाजार बंद ठेवावा की चालू, या आपल्या वर्तमानपत्रात चाललेल्या वादात दोन्ही बाजू एक गोष्ट धरूनच चालतात: बंदीचा हुकूम नसता तर गल्ला नेहमीसारखा भरला असता. अमेरिकेत २०२० साली ऑस्टन गूल्सबी आणि चाड सिव्हर्सन या अर्थतज्ज्ञांनी मोबाइलच्या नोंदींवरून दुकानांतली वर्दळ तपासली. ती ६० टक्क्यांनी घटली होती आणि त्या ६० टक्क्यांपैकी जेमतेम ७ सरकारी आदेशांमुळे होते. बाकी गिऱ्हाईक भीतीनेच घरी बसलं होतं.

तेव्हा मुद्दा भीती कमी करण्याचा, म्हणजे लागण कमी करण्याचा. मी एका कारखान्यात हजेरी आणि पगाराचं काम बघायचो. फाटकावर कपाळाशी तापमापक धरत. एक मशीन ऑपरेटर पॅरासिटामॉल घेऊन, गोळी लागू पडेपर्यंत बाहेर थांबून मग आत यायचा. विचारलं तर म्हणाला, "साहेब, खाडे पडले तर घरभाडं कुठून भरू?" मग त्याची अख्खी पाळीच आजारी पडली, मशीनं थंड. त्याचे खाडे मात्र नियमाप्रमाणे मीच कापले.

जर्मनीत आजारी कामगाराला सहसा सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मिळतो. साथीपुरती तरी अशी रजा सगळीकडे हवी, आणि छोट्या मालकाच्या डोक्यावरचा बोजा सरकारने उचलावा. लोक खोटी आजारपणं काढतील? काढतील काही जण. अशी मी पकडलीही आहेत. पण एका तापकऱ्यापायी पाळी बुडते त्यापेक्षा ते स्वस्त.

'आधी पैसा, मग आजार' हे धोरण अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराने करून पाहिलं आहे. इन्फ्लुएंझा शहरात शिरलेला असताना युद्धकर्ज उभारायला २८ सप्टेंबर १९१८ रोजी प्रचंड मिरवणूक काढली. आठवड्याच्या आत शाळा आणि नाट्यगृहं बंद करावी लागली, आणि पुढच्या काही आठवड्यांत हजारो माणसं गेली.

बंदी कधीच नको, असं मी म्हणत नाही. पण ती लावताना लागणीच्या कोणत्या आकड्याला उठणार, तेही त्याच दिवशी जाहीर करा. दुकानदाराला माल आधी मागवावा लागतो. रात्री आठला भाषण ऐकून सकाळी शटर उघडता येत नाही.

आपला,
एक निवृत्त हजेरी कारकून