चौथा दिवस

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. मोजा गिळलेली लॅब्राडॉर, शिवलेलं आतडं चौथ्या दिवशी गळलं, पोट पुन्हा उघडावं लागलं आणि तू सगळा राग क्रोमिक कॅटगटवर काढलास. ‘एकदाच काय ते सांग, धागा कुठला वापरू?’ सांगतो, पण लगेच नाही.

कॅटगटला शिव्या दे, माझी ना नाही. मेंढीच्या किंवा गुराच्या आतड्याचाच तो धागा, म्हणजे आतड्याने आतडं शिवायचं आणि शरीराने ते मांस समजून पचवायचं. दाह आणि पू जितका जास्त, तितका तो लवकर विरतो. गरज सर्वांत मोठी तिथेच पाठ फिरवतो! क्रोमियमच्या क्षारात मुरवून क्रोमिक केल्याने मुदत वाढते, भरवसा वाढत नाही.

विरणारे कृत्रिम धागे शरीरातल्या पाण्याने हळूहळू विरतात, त्यामुळे त्यांचं वेळापत्रक बरंचसं ठरलेलं असतं. पीडीएस या एकेरी धाग्याची दोन आठवड्यांनी सुमारे 70 टक्के ताकद उरते, चार आठवड्यांनी निम्मी. पूर्ण नाहीसा व्हायला सहा महिने. मोनोक्रिलही एकेरीच, पण त्याची ताकद पहिल्याच आठवड्यात निम्म्यावर येते, तीन आठवड्यांत संपते. व्हिक्रिल या तिसऱ्या धाग्याची गाठ झकास बसते, पण तो वेणीसारखा गुंफलेला. नाजूक कडेतून ओढताना करवतीसारखा घासतो आणि वातीत तेल चढावं तसे त्यातून जंतू चढतात. दूषित पोटात मी तो घेत नाही. रेशीम तर नकोच.

आता गंमत बघ. आतड्याला धागा लागतो तो फार थोडे दिवस. पहिले तीन-चार दिवस कडांमधलं कोलॅजन, म्हणजे ऊतींना बांधून ठेवणारं प्रथिन, उलट विरत असतं आणि सगळा जोड टाक्यांवर लोंबत असतो. मग नवं कोलॅजन भरू लागतं आणि दोन आठवड्यांत बरीचशी ताकद परत येते. म्हणून धडधाकट जनावराला मोनोक्रिलही पुरतो. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन खाली गेलेलं असेल किंवा पोटात आधीच पू असेल, तर मी डोळे मिटून पीडीएस घेतो: मांजर आणि लहान कुत्र्याला 4-0 जाडीचा, मोठ्या कुत्र्याला त्याहून जाड 3-0, गोल अंगाच्या सुईवर. हा धागा गुंडाळीचा आकार विसरत नाही, गाठ सैल पडते, तेव्हा चार-पाच फेरे दे. आणि मधेच सुईच्या चिमट्यात धरू नकोस. चिरडलेला मोनोफिलामेंट, म्हणजे असा एकेरी धागा, तिथेच तुटतो.

‘मग कधीच न विरणारा घेऊ का?’ असं तू विचारशीलच. मीही एकदा तशीच हुशारी केली होती. न विरणाऱ्या पॉलिप्रोपिलीनने सलग शिवण घातली, कुत्रा ठणठणीत घरी गेला. काही महिन्यांनी ओकाऱ्या घेऊन परत आला. उघडलं तर माझाच धागा आत लोंबत होता आणि त्याला केसांचा आणि चिंध्यांचा गोळा अडकलेला. मालकाला काय सांगू ते सुचेना.

पण तुझ्या लॅब्राडॉरबद्दल मला वेगळीच शंका येते. दुसऱ्यांदा उघडलंस तेव्हा धागा तुटलेला किंवा विरलेला होता, की गाठीसकट शाबूत आणि आतड्याची कड फाटलेली? शाबूत असेल तर धागा बदलून काही साधणार नाही. हाल्स्टेड या अमेरिकन सर्जनने 1887 मध्ये कुत्र्यांवरच दाखवलं होतं की टाका धरून ठेवतो तो सबम्युकोसा, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तराखालचा चिवट थर. घाईत सुई वरवर फिरली की सिरोसा हा बाहेरचा पातळ पापुद्राच पकडला जातो आणि बाहेरून सगळं सुंदर दिसतं! कडेपासून दोन-तीन मिलिमीटर, टाक्यांमध्ये तीन-चार, आणि सबम्युकोसा दर वेळी. किंवा मोज्याने दाबलेला भाग काळपट असूनही ‘येईल रंग’ म्हणून तू ठेवलास का? तसा भाग मीही ठेवलेला आहे, म्हणून विचारतो.

जोड गळतो का ते सलाईन भरून पाहिलं होतंस म्हणतोस. बोटांनी धरलेल्या दहा सेंटिमीटर तुकड्यात 16 ते 19 मिली पुरे. त्याहून जास्त रेटलंस तर चांगला जोडही गळतो आणि त्या दिवशी न गळलेला चौथ्या दिवशी गळणार नाही असं कुठे आहे? ओमेंटम, म्हणजे पोटातला चरबीचा पडदा, मात्र जोडावर गुंडाळत जा.

पहिल्या ऑपरेशनआधीचं अल्ब्युमिन कळव. आणि काढलेला तुकडा अजून फॉर्मॅलिनमध्ये असेल तर भिंगाखाली गाठी बघ. मी रविवारी फोन करतो.

तुझा,
मधू