‘शटर गेलंय’ म्हणण्याआधी लेन्स तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुळशीची लग्नं लागली की माझ्या टेबलावर कॅमेऱ्यांची रांग लागते. गेली ३१ वर्षं मी साताऱ्यात एसएलआर (आत आरसा असलेले, लेन्स बदलता येणारे) कॅमेरे दुरुस्त करतो. गेल्या आठवड्यात जे घडलं, त्यानं राहवलं नाही म्हणून हे पत्र.

वाईचा एक मुलगा निकॉन डी३२०० घेऊन आला. त्यावर जुन्या बाजारात घेतलेली ५० एमएम १.८डी लेन्स. बटण दाबलं तरी शटर, म्हणजे फोटो घेताना क्षणभर उघडणारा आतला पडदा, पडेना, स्क्रीनवर ‘एफईई’ अशी अक्षरं. एका दुकानात त्याला ‘शटर गेलंय, नऊ हजार लागतील’ असं सांगितलेलं. चार दिवसांवर त्याची हळदीची ऑर्डर होती. मी लेन्सवरची अ‍ॅपर्चरची, म्हणजे उजेड किती आत येईल ते ठरवणारी, रिंग फिरवून केशरी रंगातल्या २२ वर आणली, शेजारचं बारीक लॉक सरकवलं आणि बटण दाबलं. खट्! पोराच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग म्हणाला, ‘काका, फोकस तरी कुठं होतोय?’ तोही बिघाड नव्हता. डी मालिकेच्या या लेन्समध्ये मोटर नसते. ती बॉडीतल्या मोटरनं फिरते आणि डी३२०० च्या बॉडीत ती मोटर दिलेलीच नाही. निकॉनच्याच डी९० किंवा डी७००० वर हीच लेन्स आपोआप फोकस करते. इथं फोकसची रिंग हातानं फिरवायची आणि व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावायच्या खिडकीत) खालचा गोल ठिपका स्थिर झाला की क्लिक करायचं. अर्धा तास तो माझ्या पायरीवर बसून समोरून जाणाऱ्या एसटीच्या पाट्या टिपत होता.

कॅननवर ‘एरर ०१’ आला तर लेन्स काढा आणि मागचे सोनेरी ठिपके कोरड्या मऊ फडक्यानं पुसा. ‘एरर ३०’ मात्र शटरचाच. बॅटरी काढून परत घालून बघा, तरी येत राहिला तर दुरुस्तीला आणा. पुष्कळदा तर शटर ‘अडकलेलं’ही नसतं. कॅननच्या ‘वन शॉट’ या फोकस पद्धतीत फोकस लागल्याशिवाय कॅमेरा क्लिकच होऊ देत नाही. मांडवाच्या कोऱ्या पांढऱ्या कापडावर त्याला पकडायला काहीच सापडत नाही. तेव्हा शालूच्या काठावर नाहीतर मुंडावळ्यांवर धरा.

डोळ्यांवर फोकस धरूनही कानच स्पष्ट येत असतील, तर कॅमेरा स्टँडवर ठेवून तोच फोटो एकदा व्ह्यूफाइंडरमधून आणि एकदा लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, घ्या. लाइव्ह व्ह्यूचा चांगला आला तर लेन्सची काच ठीक आहे, बॉडी आणि लेन्सचा मेळ बसवायला हवा.

वडिलांच्या कपाटातले कॅमेरे बघून मात्र जीव तुटतो. परवा एक पेंटॅक्स के१००० आला. व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार, आरसा वर चिकटलेला. वरच्या फोमच्या पट्टीचं इतक्या वर्षांत डांबर झालेलं, त्यातच आरसा रुतला होता. घरच्यांनी तो बोटानं ओढून रुमालानं पुसलेला. या आरशाचा मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असतो, तो खरवडून निघाला. नवी फोम पट्टी पंधरा मिनिटांत बसली असती. कॅनन एई-१ ‘मेलाय’ म्हणून भंगारात घालणारेही भेटतात. त्याचं शटर ६ व्होल्टच्या बॅटरीशिवाय पडतच नाही, एवढंच कारण असतं.

आणि कृपा करून शटरच्या पडद्यांना बोट, कापूस, स्पिरिट काही लावू नका. डब्यातली दाबाची हवाही मारू नका. डिजिटल कॅमेऱ्यांतली ती पातळ पाती एकदा वाकली की मग खरोखरच शटर बदलावं लागतं.

दुकानदार मित्रांना हात जोडून सांगतो, गिऱ्हाईकासमोर दुसरी लेन्स लावून एक क्लिक करून दाखवा, स्क्रीनवरची अक्षरं पावतीवर लिहा आणि मगच शटरचा खर्च सांगा.

आपला,
एक कॅमेरा दुरुस्ती कारागीर, सातारा