घड्याळ चुकले, पंचांनी काय करावे?

बास्केटबॉलमध्ये घड्याळाची चूक हा खेळाचाच भाग समजून पुढे जावे, असे सुचवणारा लेख क्रीडा पानावर वाचला. हे पटत नाही. बाहेरून फेकलेला चेंडू मैदानातील खेळाडूच्या हाताला लागला की घड्याळ सुरू व्हायला हवे; पण वेळाधिकाऱ्याचे बोट बटणावर जरासे रेंगाळले, तरी एका संघाला फुकटचा वेळ मिळतो. तो किरकोळ नसतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ०.३ सेकंद उरले असतील तर चेंडू पकडून बास्केटकडे फेकता येतो, ०.२ असतील तर नाही.

म्युनिकच्या १९७२ च्या ऑलिंपिक अंतिम सामन्यात शेवटचे तीन सेकंद पुन्हा खेळवले गेले, सोव्हिएत संघ ५१-५० ने जिंकला आणि अमेरिकी खेळाडूंनी रौप्यपदके आजतागायत स्वीकारलेली नाहीत. तेव्हा दुरुस्ती हवीच, मात्र अंदाजाने नको. घड्याळ अडकलेले दिसताच पंचाने मनातल्या मनात सेकंद मोजायला लागावे आणि खेळ थांबल्यावर तेवढेच वजा करावेत. प्रशिक्षकांचा आरडाओरडा हा काही पुरावा नव्हे.

– एक माजी पंच