चि. निनादला, पॅरिसला

चि. निनाद यास आईचे अनेक आशीर्वाद.

रविवारी म्हणालास, गाईडशी वाजलं, सगळं सोडून देतो, चार रात्री डोळ्याला डोळा नाही. आणि फोन ठेवलास. झोपेचं विचारायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलेय.

माडीवरचं तुझं ऑग्युस्त कोंतचं पुस्तक काढून वाचलं. ‘समाजशास्त्र’ हे नाव १८३९ मध्ये त्यानं रूढ केलं, एवढंच मला बीएडपासून आठवत होतं. सात वर्षं सें-सिमों या समाजवादी विचारवंताकडे लेखनिक होता आणि १८२४ ला लेखाच्या श्रेयावरून फाटलं, हे आता कळलं. तुमचंही तेच ना? भांडलास याचं खरं तर बरंच वाटलं. तुझे बाबा बँकेत सव्वीस वर्षं... जाऊ दे.

पण पुढचं पान वाचून पुस्तक मिटलं. १८२६ च्या एप्रिलात त्यानं घरीच व्याख्यानं सुरू केली, ऐकायला शास्त्रज्ञ हुंबोल्टसारखी माणसं, आणि तीन व्याख्यानांत डोकं फिरलं. एस्किरोल या वेड्यांच्या डॉक्टरच्या इस्पितळातून डिसेंबरात घरी आणलं तेव्हा नोंद होती, ‘बरा झाला नाही’. पुढच्या वर्षी सेन नदीत उडी. कोणीतरी वर काढलं म्हणून १८४२ पर्यंत त्याच्या ‘पॉझिटिव्ह’ तत्त्वज्ञानाचे ते सहा खंड पुरे झाले. माणसानं झोप, जेवण वेळेवर... बघ, सुरू झाले. मास्तरीण आहे, रागावू नकोस. पण झोपलास का?

मला त्याची आईच दिसत राहिली, रोझाली. बाई कर्मठ कॅथलिक, आणि पोरगा चौदाव्या वर्षी देव नाही म्हणाला. (तू आरतीतून उठून गेलास तेव्हा आजी तीन दिवस बोलल्या नव्हत्या.) तरी त्याच्या आजारपणात ती मोंपेलिएहून पॅरिसला गेली, आगगाडी नसताना. जाऊन काय केलं, तर त्याचं चर्चच्या रीतीनं लग्न लावलं! मी तसलं काही करणार नाही. पुढे त्यानं स्वतःच काढलेल्या, देव नसलेल्या मानवधर्मात तिला आपल्या तीन रक्षक देवदूतांत बसवलं; तोवर ती कधीच गेली होती.

मेसेजमध्ये नुसता ठिपका टाकलास तरी चालेल. पासपोर्ट कपाटातून काढून ठेवलाय. त्यातल्या फोटोत मी अगदी बेळगावच्या आजीसारखी दिसते.

तुझी आई